खडकाच्या पोटातील पोकळी: घनतेच्या मोजणीवरून सच्छिद्रतेचा अंदाज

स्मरणिकेसाठी आपापल्या व्यवसायातील एखादा विषय सर्वांना समजेल अशा भाषेत लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा आम्हां भूशास्त्राच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपुढे प्रथम संकोच उभा राहिला. आमचे काम जमिनीखाली हजारो मीटर खोलीवर चालते आणि त्याचे दृश्य फळ म्हणजे कागदावरची एक वेडीवाकडी रेषा. ती कोणास दाखवावी आणि तिचे कौतुक कोणी करावे? परंतु विचार करता असे लक्षात आले की, या रेषेमागचा प्रश्न आपल्या सर्वांच्या घरातला आहे. आमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनी शेतात विंधण विहीर घेतली. पाणाड्याने हातात नारळ धरून जागा दाखविली, कर्ज काढून यंत्र आणले, दोनशे-तीनशे फूट खाली गेल्यावर नुसती कोरडी धूळ वर आली आणि कर्ज मात्र तसेच उरले. खडकाच्या पोटात काय आहे हे वरून कसे कळावे, हा तो प्रश्न. त्याचे एक शास्त्रीय उत्तर कसे मिळते, ते या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

भरीव दिसणारा पुष्कळसा खडक भरीव नसतो. वालुकाश्म हा वाळूच्या कणांचा बनलेला असतो आणि कण कितीही दाटीने बसले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतात. चुनखडकात समुद्री जीवांच्या कवचांमधील पोकळ्या असतात, शिवाय पाण्याने विरघळून झालेली भोकेही असतात. पाणी, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचा साठा जमिनीखाली एखाद्या तळ्यासारखा नसतो. स्पंजात पाणी राहावे तसा तो या बारीक पोकळ्यांत राहतो. खडकाच्या एकूण आकारमानापैकी जितका भाग पोकळ असेल, त्यास त्या खडकाची सच्छिद्रता म्हणतात. शंभर घनसेंटिमीटर खडकात वीस घनसेंटिमीटर पोकळी असेल, तर सच्छिद्रता २० टक्के होय.

ही गोष्ट शाळेतल्या एका साध्या प्रयोगाने समजते. एक वीट घ्यावी, पट्टीने तिची लांबी, रुंदी व उंची मोजावी. समजा ती २० × १० × ८ सेंटिमीटर, म्हणजे १६०० घनसेंटिमीटर भरली. कोरड्या विटेचे वजन ३१२० ग्रॅम आले. मग ती बादलीभर पाण्यात बुडवावी. बुडबुडे येतात, म्हणजेच आतील हवा बाहेर पडते आणि तिची जागा पाणी घेते. बुडबुडे थांबल्यावर वीट काढून पुसून पुन्हा तोलावी. आता वजन ३५२० ग्रॅम आले असे मानू. वाढलेले ४०० ग्रॅम हे पाण्याचे आणि ४०० ग्रॅम पाणी म्हणजे ४०० घनसेंटिमीटर. तेवढी विटेतील पोकळी. १६०० पैकी ४००, म्हणजे सच्छिद्रता २५ टक्के.

आता अडचण अशी की, दोन हजार मीटर खोलीवरचा खडक बादलीत बुडविता येत नाही. त्याचा तुकडा वर आणता येतो, पण ते काम वेळखाऊ व खर्चिक असल्याने सर्व खोलीभर करणे परवडत नाही. म्हणून प्रश्न उलटा विचारावा लागतो. पाणी भरलेल्या विटेची केवळ घनता कळली, तर तिच्यातील पोकळी काढता येईल काय?

आपल्या विटेचेच उदाहरण घेऊ. भिजलेल्या विटेची घनता ३५२० भागिले १६००, म्हणजे दर घनसेंटिमीटरला २.२ ग्रॅम. विटेचा भरीव भाग १२०० घनसेंटिमीटर आणि त्याचे वजन ३१२० ग्रॅम, म्हणून भाजलेल्या मातीच्या कणांची घनता २.६. पाण्याची घनता १. वीट सर्वस्वी भरीव असती तर घनता २.६ आली असती, सर्वस्वी पाणी असते तर १ आली असती. प्रत्यक्षात ती या दोहोंच्या मध्ये, २.२ वर आहे. भरीवपणापासून पाण्यापर्यंतचे एकूण अंतर १.६, त्यांपैकी ०.४ आपण खाली उतरलो. ०.४ भागिले १.६ म्हणजे ०.२५. उत्तर तेच, २५ टक्के. आणि कणांची घनता आधीच माहीत असेल, तर भिजण्यापूर्वीच्या वजनाची गरजच पडत नाही. हेच सूत्ररूपाने असे मांडतात:

सच्छिद्रता = (कणांची घनता − मोजलेली घनता) ÷ (कणांची घनता − द्रवाची घनता)

या एका ओळीत आमच्या विषयाचे सर्व सार आहे. घनता जितकी कमी, पोकळी तितकी अधिक. पुढचे सर्व कष्ट दोन गोष्टींसाठी आहेत. एक, खोल विहिरीत घनता मोजायची कशी. दोन, सूत्रातील उरलेले दोन आकडे खरे कशावरून मानायचे.

खोल विहिरीत उपकरण सोडून खडकाची नोंद घेण्याची कल्पना जुनी आहे. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथील तेलविहिरीत श्लंबर्जे बंधूंच्या चमूने अशी पहिली विद्युत नोंद घेतली. तीत खडकाचा विद्युतरोध मोजला होता. घनतेच्या मोजणीसाठी मात्र अणुविज्ञानाची वाट पाहावी लागली. आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की, उच्च ऊर्जेचा किरण इलेक्ट्रॉनवर आदळला की तो आपली काही ऊर्जा गमावून दिशा बदलतो. या शोधासाठी त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घनतेचे उपकरण याच परिणामावर चालते.

उपकरणात सिझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याची लहानशी कुपी असते. तिच्यातून ६६२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण सतत बाहेर पडतात. ही कुपी बसविलेला भाग एका लोखंडी बाहूच्या जोराने विहिरीच्या भिंतीला घट्ट टेकविला जातो. किरण खडकात शिरतात, इलेक्ट्रॉनांवर आपटत, वळत, दुबळे होत जातात. त्यांतील काही फिरून परत येतात आणि कुपीपासून काही अंतरावर बसविलेल्या दोन संवेदकांत मोजले जातात. खडक दाट असेल तर वाटेत इलेक्ट्रॉन पुष्कळ, म्हणून परत येणारे किरण थोडे. खडक पोकळ असेल तर अडथळे थोडे, म्हणून किरण अधिक. गर्दीच्या जत्रेतून पलीकडे पोहोचणारे थोडे आणि मोकळ्या रस्त्याने पोहोचणारे अधिक, तसाच हा प्रकार.

येथे एक शंका चाणाक्ष वाचकाच्या मनात येईल. उपकरण इलेक्ट्रॉन मोजते, मग वजन कसे कळते? याचे उत्तर निसर्गाच्या एका सोयीत आहे. कार्बनच्या अणूत ६ इलेक्ट्रॉन व अणुभार १२. ऑक्सिजनमध्ये ८ व १६, सिलिकॉनमध्ये १४ व २८, कॅल्शियममध्ये २० व ४०. खडक घडविणाऱ्या बहुतेक मूलद्रव्यांत इलेक्ट्रॉनांची संख्या अणुभाराच्या जवळजवळ निम्मी असते. त्यामुळे इलेक्ट्रॉन मोजले की वस्तुमान कळलेच. याला मोठा अपवाद हायड्रोजनचा. त्यात एक इलेक्ट्रॉन व अणुभारही एकच. पाण्यात हायड्रोजन असल्याने थोडी दुरुस्ती करावी लागते आणि ती गोड्या पाण्याने भरलेल्या चुनखडकाच्या प्रमाणावर उपकरण जुळवून आधीच केलेली असते.

उपकरण तारेने तळापर्यंत सोडतात आणि वर ओढत आणताना नोंद घेतात. साधारणपणे दर १५ सेंटिमीटरला एक आकडा मिळतो. हजार मीटरला साडेसहा हजारांहून अधिक आकडे! त्यांची रेषा कागदावर उमटते. ही रेषा हजारो मीटर खोलीचे असे वर्णन देते की, जे कोणा माणसाच्या डोळ्यांनी कधी पाहिलेले नसते. मात्र किरणांची पोहोच भिंतीपासून दहा-पंधरा सेंटिमीटरच असते, हे विसरता कामा नये.

आता या सूत्राचा उपयोग जेथे खरोखर झाला अशा आपल्या जवळच्या ठिकाणी जाऊ. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. ‘सागर सम्राट’ या खनन-मंचावरून खोदलेल्या विहिरीत १९७४ च्या फेब्रुवारीत तेथे तेल लागले आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले. तेथील मुख्य तेलसाठा मायोसीन काळातील चुनखडकात आहे आणि त्या चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे पातळ थर आलेले आहेत. अशा ठिकाणी कोणता थर पोकळ, कोणता भरीव आणि कोठे नुसती चिकण द्रव्याची पट्टी आहे, हे विहिरीतील नोंदींवरूनच वेगळे काढावे लागते.

समजा, अशाच एखाद्या चुनखडकाच्या थरात उपकरणाने २.३७ घनता दाखविली. चुनखडकाचे मुख्य खनिज कॅल्साइट, त्याची घनता २.७१. पोकळीत गोडे पाणी मानून द्रवाची घनता १ धरू. २.७१ वजा २.३७ म्हणजे ०.३४, त्यास १.७१ ने भागले की ०.२० येते. सच्छिद्रता २० टक्के. काम संपले असे वाटते. खरे काम येथूनच सुरू होते.

हा खडक चुनखडकच कशावरून? तो वालुकाश्म असेल, तर क्वार्ट्झची घनता २.६५ धरावी लागेल आणि त्याच २.३७ वरून उत्तर १७ टक्के येईल. तो डोलोमाइट असेल, तर घनता २.८७ धरून उत्तर जवळजवळ २७ टक्के येईल. उपकरणाने दिलेला आकडा एकच, आणि आपल्या गृहीतकानुसार उत्तरे तीन. हा प्रश्न सोडविण्यासाठी तेच उपकरण दुसरी एक मोजणी करते. कमी ऊर्जेचे गॅमा किरण अणूत पूर्णपणे शोषले जातात आणि हे शोषण जड मूलद्रव्यांत झपाट्याने वाढते. या शोषणाचा निर्देशांक क्वार्ट्झसाठी सुमारे १.८, डोलोमाइटसाठी ३.१ आणि कॅल्साइटसाठी ५.१ असतो. घनतेपेक्षा या आकड्यांत फरक ठळक असल्याने खडकाची ओळख पटविणे सोपे जाते.

पोकळीत पाणीच आहे कशावरून? विहीर खोदताना तीत मुद्दाम कालविलेला चिखल भरलेला असतो आणि त्याचे पाणी जवळच्या खडकात झिरपते. उपकरणाची पोहोच थोडी असल्याने त्याला बहुधा तेच पाणी दिसते, म्हणून १ हा आकडा पुष्कळदा चालतो. पाणी खारट असेल तर १.१ धरावे लागते आणि आपल्या उदाहरणात उत्तर २० ऐवजी २१ टक्के होते. परंतु वायू असेल तर गोष्ट वेगळी. समजा खऱ्या २० टक्के पोकळीत वायू व पाणी यांचे मिश्रण असून त्याची सरासरी घनता ०.५ आहे. खडकाची घनता २.२७ भरेल. पाणी समजून हिशेब केला तर उत्तर २६ टक्के येईल, म्हणजे नसलेली पोकळी आम्ही कागदावर निर्माण केली! यावर उपाय म्हणून न्यूट्रॉन मोजणारे दुसरे उपकरण सोडतात. ते हायड्रोजन किती आहे हे सांगते. वायूत हायड्रोजन विरळ असल्याने हे उपकरण पोकळी कमी दाखविते. एक उपकरण जास्त सांगते, दुसरे कमी सांगते, आणि दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडतात तेथे बहुधा वायू असतो. दोघांच्याही चुका एकत्र ठेवल्या की त्यांतून तिसरे सत्य निघते.

विहिरीची भिंत सरळ आहे कशावरून? शेलचा थर खोदताना ढासळतो, भिंतीत खळगा पडतो. उपकरण भिंतीला नीट टेकत नाही आणि मधल्या चिखलाचीच घनता मोजते. आकडा फार कमी येतो आणि अननुभवी माणूस ‘उत्तम सच्छिद्र थर सापडला’ असे लिहून मोकळा होतो. म्हणूनच संवेदक दोन असतात. जवळच्या संवेदकावर मधल्या चिखलाचा परिणाम अधिक, दूरच्यावर कमी. दोघांची तुलना करून दुरुस्ती काढतात आणि दुरुस्ती किती केली हेही रेषेने दाखवितात. शिवाय उपकरणाचा बाहू विहिरीचा व्यास मोजत असतो. व्यास एकदम वाढलेला आणि दुरुस्तीची रेषा उसळलेली दिसली, की तेथील घनतेवर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या कामातील पहिला धडा.

या काटेकोरपणाचे मोल किती, ते एका हिशेबाने कळेल. घनतेत फक्त ०.०२ ची चूक झाली, तर आपल्या चुनखडकात सच्छिद्रतेची चूक १.२ टक्के इतकी होते. ऐकायला किरकोळ वाटते. पण एक चौरस किलोमीटर पसरलेला, दहा मीटर जाडीचा थर घेतला तर त्याचे आकारमान एक कोटी घनमीटर. त्यात १.२ टक्के म्हणजे सुमारे एक लाख वीस हजार घनमीटर पोकळी. आहे म्हणून हिशेबात धरली आणि प्रत्यक्षात नसली, तर तिच्या भरवशावर उभारलेली यंत्रसामग्री, काढलेले कर्ज आणि लोकांना दिलेली आशा, सर्वच खोटे ठरते. विंधण विहिरीसाठी कर्ज काढणारा आमचा बाप आणि समुद्रात विहीर खोदणारी कंपनी यांच्यात रकमेचा फरक आहे. चुकीच्या अंदाजाने होणाऱ्या फसगतीची जात मात्र एकच.

याच ठिकाणी आपल्या डेक्कनच्या काळ्या दगडाचा विचार करणे उचित होईल. महाराष्ट्राचा फार मोठा भाग लाव्हाच्या थरांनी बनलेल्या बेसाल्टचा आहे. प्रत्येक थराच्या वरच्या भागात लाव्हातील वायूचे बुडबुडे अडकून भोके राहिलेली असतात. आपली माणसे त्यास मांजऱ्या खडक म्हणतात. पुष्कळ ठिकाणी ही भोके पुढे झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली असतात. अशा भोकांचा खडक हलका भरतो, सूत्रात त्याची सच्छिद्रता चांगली येते, पण भोके एकमेकांना जोडलेली नसतील तर त्यांतून पाणी वाहत नाही. पोकळी असणे ही सच्छिद्रता. पोकळ्यांतून पाणी वाहू शकणे ही पार्यता. घनता पहिलीबद्दल सांगते, दुसरीबद्दल मौन पाळते. आपल्या दगडात विहिरीला पाणी येते ते पुष्कळदा भेगा, सांधे आणि झिजून मऊ झालेल्या मुरुमाच्या थरांतून. खोल्या पुष्कळ पण दारे नाहीत अशा घरासारखा नुसता मांजऱ्या खडक असतो.

म्हणून कोणतीही एक मोजणी शेवटचा शब्द मानत नाहीत. निवडक खोलीवर खडकाचा दंडगोल कापून वर आणतात, प्रयोगशाळेत हेलियम वायू भरून त्याची पोकळी प्रत्यक्ष मोजतात आणि विहिरीतील रेषेने दिलेले उत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. न जुळल्यास गृहीत धरलेली कणघनता बदलावी लागते. आपला अंदाज चुकला हे मान्य करण्यात कमीपणा नाही, तो दुरुस्त न करण्यात आहे.

किरणोत्सारी कुपीबद्दल पालकांच्या मनात भीती येणे स्वाभाविक आहे, म्हणून दोन शब्द. सिझियम-१३७ ची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे तीस वर्षे लागतात, त्यामुळे कुपी हाताळताना कडक नियम पाळावेच लागतात. ती जाड कवचात ठेवतात, लांब दांड्याने उचलतात, प्रत्येक कामगाराच्या अंगावर किरणमापक बिल्ला असतो आणि आपल्या देशात या सर्वांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. उपकरण विहिरीत अडकले तर ते काढण्याचा कसून प्रयत्न करतात. न निघाल्यास सिमेंटने तेथेच बंदिस्त करून तशी खूण कायम ठेवतात. याच कारणामुळे शेतातल्या साध्या विंधण विहिरीत हे उपकरण कोणी सोडत नाही.

मग शेतकऱ्याच्या घरातील वाचकाने या लेखातून काय घ्यावे? त्याला हे उपकरण मिळणार नाही, पण त्यामागची विचाराची रीत फुकट मिळते. जागा दाखविणाऱ्यास विचारावे: तुम्ही काय मोजले? काय गृहीत धरले? ते गृहीत चुकीचे असेल तर उत्तर किती बदलेल? दुसऱ्या कोणत्या रीतीने पडताळून पाहिले? शेजारच्या विहिरींची खोली, कोणत्या थराला पाणी लागले आणि उन्हाळ्यात ते कितपत टिकले, यांची नोंद गावाने एका वहीत ठेवली, तर तीही एक विहीर-नोंदच होय, आणि नारळापेक्षा ती निश्चित अधिक खरे बोलेल.

शाळेत आम्ही विटेचा प्रयोग केला तेव्हा बादलीतले बुडबुडे पाहून हसलो होतो. पुढे समुद्रात उभ्या असलेल्या मंचावर रात्रपाळीत बसून कागदावर उमटणारी रेषा वाचताना तीच बादली आठवली. आज या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे की, पाठ्यपुस्तकातील घनतेचा धडा परीक्षेपुरता पाठ करू नका. एखादी वीट खरोखर भिजवा, खरोखर तोला, उत्तर वहीत लिहा आणि शेजारच्या मुलीचे उत्तर वेगळे आले तर कोणाचे का चुकले ते दोघांनी मिळून शोधा. त्या शोधण्यातच आमच्या विद्येची सुरुवात आहे.